अनुसरणाची भाषा : मराठी ख्रिस्ती चिंतनपर वाङ्मयाचा एक विचार

१

बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव हे गाव आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव ठळकपणे येत नाही; परंतु त्याच्या सभोवतालचा मुलूख वाङ्मयदृष्ट्या अपरिचित नाही. पैनगंगेच्या काठचे मेहकर आणि विवराच्या काठचे लोणार ही दोन्ही स्थळे 'लीळाचरित्रा'त येतात. तेराव्या शतकात श्रीचक्रधर या भागातून हिंडले, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्या मागे म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे जुळविल्या. मराठी गद्याच्या आरंभाचा विचार करताना या परिसराला वगळता येत नाही.

त्या आरंभीच्या गद्याने एक क्रियापद विशिष्ट अर्थाने रूढ केले. ते 'अनुसरणे' हे होय. महानुभावांच्या भाषेत एखादा 'अनुसरला' असे म्हटले की त्याने घर, गोत आणि गाव सोडले, तो परमेश्वराच्या मार्गाला लागला, असा पुरा अर्थ निघतो. कोणाला अनुसरला हे सांगण्याचीही गरज राहत नाही. क्रियापद कर्मावाचून उभे राहते. कर्माची अपेक्षाच न उरावी इतका हा अनुभव त्या समाजात निश्चित झालेला होता.

ख्रिस्ती चिंतनपर वाङ्मयाचा विचार या क्रियापदापासून सुरू करणे प्रथमदर्शनी आडवळणाचे वाटेल. परंतु श्रद्धा, शास्त्र आणि देवाच्या मागे जाणे हे त्या वाङ्मयाचे तीन मुख्य विषय आहेत, आणि त्यांतील तिसऱ्यासाठी मराठीने फार पूर्वीच शब्द, आचार आणि कथा सिद्ध करून ठेवल्या होत्या. बुलडाण्यास १८९८ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांची एक तुकडी येऊन राहिली. तिचे काम पुढे नाझरीन मंडळीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. गालीलच्या समुद्राकाठी जाळी टाकणाऱ्यांना 'मागे या' अशी हाक आल्याची आणि ते जाळी तेथेच सोडून निघाल्याची कथा या मुलखात सांगितली जाऊ लागली, तेव्हा ती ऐकणाऱ्याच्या कानाला सर्वस्वी नवी नव्हती. सर्व सोडून निघणारे लोक या मातीने पाहिले होते. शेगावची पालखी पंढरपुराहून परतताना आजही मेहकरातून जाते. म्हणजे मागे चालणे ही येथे केवळ उपमा नाही, तो दर वर्षी डोळ्यांसमोर घडणारा व्यवहार आहे.

मग प्रश्न असा उद्भवतो की, इतकी तयार भूमी मिळूनही मराठीतील पुष्कळसे ख्रिस्ती चिंतनपर लेखन परके का वाटते, आणि त्यातील थोडे लेखन मात्र मराठी वाङ्मयाचे अविभाज्य अंग का होऊन बसले? प्रस्तुत विवेचनाचे उत्तर थोडक्यात असे : हे वाङ्मय श्रद्धेविषयी आणि शास्त्राविषयी सिद्धांताच्या भाषेत बोलते तेव्हा उसने भासते, अनुसरणाची किंमत सांगू लागते तेव्हा ते आपोआप मराठी होते. ही किंमत जाणाऱ्याने किती दिली आणि मागे राहिलेल्याने किती, या दोन्ही बाजू जेथे हिशेबात येतात, तेथे हे वाङ्मय आपल्या उंचीला पोहोचते.

२

प्रथम शास्त्राचा विचार. मराठीत ख्रिस्ती शास्त्रकथा काव्यरूपाने मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रथम छापले गेले; १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. दोन भागांत मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. या पहिल्या छापील आवृत्त्यांची प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीत आणि १९५६ मध्ये देवनागरीत तो पुन्हा वाचकांसमोर आला.

या ग्रंथाच्या भाषेची थोरवी अनेकांनी वर्णिली आहे. तिची पुनरुक्ती करण्यापेक्षा ग्रंथाच्या प्रारंभीचा एक प्रसंग येथे अधिक महत्त्वाचा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर त्यांच्यासारखी दुसरी पुराणे आम्हांस का करून देत नाही? हा प्रश्न केवळ प्रास्ताविकाची सोय म्हणून वाचला जातो, हे योग्य नव्हे. पोर्तुगीज सत्तेखालील त्या प्रदेशात देशी धर्मग्रंथांवर निर्बंध होते. म्हणजे ज्या श्रोत्यांसाठी हे पुराण रचले गेले, त्यांच्या घरातील पुराणे काढून घेतलेली होती. 'ख्रिस्तपुराणा'च्या मुळाशी अशी एक पोकळी आहे. आणि ग्रंथकर्त्याचा मोठेपणा असा की, त्याने ती लपविली नाही. ती श्रोत्याच्याच तोंडून वदविली.

या दृष्टीने पाहिले म्हणजे स्टीफन्स यांच्या शब्दयोजनेचा उलगडा होतो. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द ते निःसंकोच योजतात. शास्त्र हे पुराणाच्या चालीवर सांगितले जाते, श्रोता प्रश्न करतो, वक्ता निरूपण करतो. टीकाकारांनी याला कधी अनुकरण म्हटले, कधी धोरण म्हटले. वस्तुतः ती एका परीने भरपाई होती. ज्याचे पुराण गेले त्याला पुराणच दिले पाहिजे, तत्त्वांची जंत्री देऊन भागत नाही, हे त्या कवीने ओळखले होते. मात्र भरपाई करणारा आणि हिरावून घेणारा हे एकाच सत्तेच्या छत्राखाली होते, ही गोष्टही अभ्यासकाला विसरता येत नाही. पुढे १६८४ मध्ये त्याच सत्तेने देशी भाषांच्या वापरावर हुकूम काढला, आणि तरीही हे पुराण नकलांच्या रूपाने टिकून राहिले. ज्या समाजाला ते दिले गेले होते, त्याने ते आपले मानले, याहून त्याच्या मराठीपणाचा वेगळा पुरावा नको.

एकोणिसाव्या शतकात शास्त्राचे स्वरूप पालटले. सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी 'नवा करार' छापून निघाला; पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी भाषांतराचे काम चालविले. आता शास्त्र ओवीत नव्हे, गद्यात आले. ते श्रवणाचे नव्हे, वाचनाचे झाले. त्याबरोबर शब्दांचे एक नवे भांडार तयार झाले, आणि त्याची छाननी अद्याप पुरेशी झालेली नाही.

३

हे शब्द कोठून आले ते पाहणे उद्बोधक आहे. 'करार' हा शब्द फारसी-अरबीतून मराठीत आला तो दरबारी आणि महसुली व्यवहाराबरोबर. 'साक्ष' न्यायसभेतून आली. 'तारण' या शब्दाला दोन मुखे आहेत : एक तारून नेण्याचे, दुसरे सावकाराकडे गहाण ठेवलेल्या वस्तूचे. 'मंडळी' हा शब्द भजनाच्या फडातून आला, आणि घरगुती बोलण्यात त्याचा अर्थ पत्नी असाही होतो. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्माविषयी बोलतो तेव्हा त्याच्या जिभेवर कचेरी, सावकारी आणि भजन ही तिन्ही एकत्र आलेली असतात.

डोणगावच्या परिसरातील शेतकऱ्याला 'तारण' म्हटल्यावर सातबारा आणि सोसायटीचे कर्ज आधी आठवले, तर तो त्याचा दोष नव्हे. वऱ्हाडातील कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतीने कर्जाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या शिकविला आहे. पण हाच तर त्या शब्दाचा खरा लाभ आहे. दुसऱ्याच्या ऋणासाठी स्वतःला गहाण ठेवणे, ही ख्रिस्ती धर्मविचारातील मध्यवर्ती कल्पना. आणि मराठीत ती एका शब्दाच्या पोटात आयती आलेली आहे. चिंतनपर लेखकाने या दुहेरी अर्थावर विसावले असते, तर जे पृष्ठभर सिद्धांतनिरूपणाने सांगून होत नाही, ते दोन वाक्यांत झाले असते. प्रत्यक्षात पुष्कळ लेखकांनी 'तारण' हा शब्द इतका गुळगुळीत केला की, त्यातील गहाणखताचा काठ उरला नाही.

'विश्वास' या शब्दाचेही असेच आहे. श्रद्धा, भाव आणि विश्वास हे तीन शब्द कोशात जवळजवळ बसत असले, तरी मराठीने त्यांना वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत. श्रद्धा असते, भाव धरावा लागतो, विश्वास ठेवावा लागतो. 'ठेवणे' या क्रियापदात ठेवीचा अर्थ आहे. विश्वास ठेवणारा आपले काहीतरी दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि ते परत मिळेल की नाही याची जोखीम पत्करतो. त्याच शब्दापासून 'विश्वासू' हे विशेषण झाले, आणि ते मात्र उलट बाजूचे आहे : ज्याच्याकडे ठेव ठेवली, तो ती बुडविणार नाही. मराठी बायबलने श्रद्धेसाठी 'विश्वास' हा शब्द पक्का केला तेव्हा देव आणि माणूस यांच्यामध्ये ठेवीचा हा परस्पर व्यवहार आपोआप उभा राहिला. विश्वास म्हणजे अमुक विधाने मान्य करणे, असा अर्थ मराठी शब्दात नाही. तो बाहेरून घातला गेला. जे चिंतन विश्वासाला मान्यतेचे रूप देते, ते केवळ रुक्ष होते असे नाही, ते आपल्याच शब्दाशी बेइमान होते.

याउलट भाषांतराने काही ठिकाणी मराठीला सुंदर आधारही शोधला. मूळ ग्रीकमधील एक साधे शब्दयोगी रूप मराठीत आणताना 'ख्रिस्तामध्ये' आणि 'ख्रिस्ताच्या ठायी' असे दोन मार्ग होते. पहिला मार्ग व्याकरणाने बरोबर, पण पेटीमध्ये वस्तू असावी तसा. दुसऱ्यातील 'ठायी' हा शब्द संतांच्या वाणीने संस्कारलेला. त्यात ठिकाण, आश्रय आणि तल्लीनता तिन्ही आहेत. प्रवचनांतून आणि पत्रकांतून 'प्रभूमध्ये प्रिय' अशी संबोधने आजही आढळतात. त्या एका 'मध्ये'मुळे सारे वाक्य परभाषेतून आल्याचे ओळखू येते. शब्दयोगी अव्ययासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या जागी लेखकाचा कान जागा आहे की नाही, हे कळून चुकते.

४

श्रद्धेच्या निरूपणाचे दोन भिन्न मार्ग बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक यांच्या लेखनात दिसतात. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला आणि बाप्तिस्मा १८५४ मध्ये. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीमुळे त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे 'अरुणोदय' हे १८८८ मधील आत्मवृत्त अधिक मोलाचे. धर्मांतरापूर्वी परमहंस मंडळीशी त्यांचा संबंध आलेला होता. त्यांचा विश्वास वादातून, वाचनातून आणि शंकांतून क्रमाक्रमाने घडला. म्हणून त्यांचे गद्य वकिलाच्या युक्तिवादासारखे पायरीपायरीने चढते. या गद्याची शक्ती अशी की, ते वाचकाच्या बुद्धीचा मान राखते. आणि मर्यादा अशी की, शंका संपली म्हणजे चिंतनही संपते. शंका फिटल्यानंतर माणूस रोज कसा जगतो, हा प्रश्न त्या पद्धतीच्या कक्षेत क्वचितच येतो.

टिळकांचा मार्ग उलट. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका परक्या सहप्रवाशाकडून त्यांना 'नवा करार' मिळाला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार नेहमी दिले जातात. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत 'विश्वास' हा शब्द 'भावा'ला जागा देतो; ख्रिस्त हा न्यायाधीशापेक्षा माउली होतो. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आज जी गीते गाइली जातात, त्यांत टिळकांचा वाटा फार मोठा आहे. आणि ती गाणाऱ्या खेड्यातील माणसाला त्यांतील रूपके कोणी समजावून द्यावी लागत नाहीत.

मात्र टिळकांच्या मार्गावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो घेणारी व्यक्ती साधीसुधी नव्हे. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली. १९०७ मधील आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी हा भेद उघडपणे मांडला आहे. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात बायबलाच्या मराठी भाषांतरास दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्या शिकल्या. भाषांतर पुरे होता होता ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले.

रमाबाईंचा आग्रह दुहेरी होता. एक, शास्त्राची मराठी इतकी सोपी असावी की अल्पशिक्षित बाईला ती कोणाच्या साहाय्यावाचून वाचता यावी. दोन, हिंदू तत्त्वज्ञानाचे आणि पूजाविधीचे संस्कार ज्या शब्दांवर आहेत, ते शास्त्रात शिरू नयेत. कारण शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही आत येतो. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतवरील प्रभुत्वाबद्दल 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तिने संस्कृत शब्दांना असे दूर ठेवावे, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. त्या शब्दांचे वजन इतरांपेक्षा तिला अधिक ठाऊक होते. आणि त्या वजनाखाली दबलेल्या विधवांची संगत तिने आयुष्यभर केली होती.

टिळक आणि रमाबाई यांच्यातील हा भेद आवडीनिवडीचा नाही, तो अनुसरणाच्या अर्थाचा आहे. टिळकांच्या मते मागे जाणाऱ्याने आपली भाषा बरोबर न्यावी. रमाबाईंच्या मते काही शब्द घरीच ठेवून निघावे लागते. वाङ्मयीन निकषावर टिळकांचा पक्ष सरस ठरतो, हे मान्य करावे लागेल. रमाबाईंचे भाषांतर उपासनेत टिळकांच्या गीतांइतके रुजले नाही. परंतु तेवढ्यावरून रमाबाईंचा प्रश्न निकालात निघत नाही. भक्तिसंप्रदायाची भाषा सर्वांची होती, पण देवळाचे दार सर्वांचे नव्हते. पायरीशीच थांबविल्या गेलेल्या चोखामेळ्याचे स्मरण ठेवणाऱ्या समाजातून जे ख्रिस्ती झाले, त्यांना ती भाषा गोड वाटली असेल तितकीच ती जुन्या अपमानाची आठवण करून देणारीही वाटली असणे शक्य आहे. अहमदनगर आणि मराठवाडा या भागांतील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अशा समाजांतून आलेला आहे. वाङ्मय मात्र बहुतांशी उच्चवर्णीय धर्मांतरितांनी लिहिले. पुलाचा अनुभव ज्यांनी लिहिला, त्यांना मुळात नदीच्या अलीकडच्या काठावर घर होते, ही गोष्ट समीक्षेने नजरेआड करता कामा नये.

५

आता अनुसरणाचा विचार. शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे : मागे येऊ इच्छिणारा एक माणूस, आधी बापाला मूठमाती देऊन येतो, असे म्हणतो आणि त्याला तीही सवड मिळत नाही. सगळ्या शास्त्रात मराठी मनाला याहून कठोर वाटेल असे फार थोडे आहे. जेथे पुत्राचे अस्तित्वच बापाच्या उत्तरक्रियेशी बांधले गेले आहे, तेथे ही आज्ञा म्हणजे धर्माने धर्म तोडण्याची आज्ञा. चिंतनपर पुस्तके या प्रसंगावर सहसा घाईने रूपक चढवितात : बाप म्हणजे संसाराची आसक्ती, पुरणे म्हणजे विलंब, इत्यादी. रूपक चढविले की वेदना उतरते, आणि वेदना उतरली की वाक्य शिल्लक राहते, अर्थ राहत नाही.

या प्रसंगाचे मराठीतील खरे भाष्य एका वेगळ्याच ग्रंथात सापडते, आणि तो चिंतनपर म्हणून लिहिलेला नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. १८९५ मध्ये टिळक अनुसरले, तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लहान मूल पदरात, नातलगांचे उपकार आणि बोलणी सोबतीला, अशी ती वर्षे होती. टिळकांच्या बाजूने पाहिले तर हा कालखंड श्रद्धेचा विजय आहे. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर तो एका बाईचे घर मोडल्याचा आहे. 'स्मृतिचित्रां'चे असामान्यत्व यात आहे की, लेखिका पुढे स्वतः ख्रिस्ती झाली, तरी तिने मागाहून आलेल्या श्रद्धेने आधीचे दुःख पुसून टाकले नाही. दोन्ही तिने जसेच्या तसे ठेवले, आणि वर विनोद केला.

लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. नवऱ्याच्या मागे बायको गेली, असा त्याचा ढोबळ अर्थ कोणी करील. ग्रंथ तो करू देत नाही. नवऱ्याजवळ येऊन राहिल्यावरही सोवळेओवळे त्यांनी सांभाळले. ते सुटले ते उपदेशाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी घातला, त्याचे उत्तर स्वतःच शोधले, आणि मग पाण्याचा विटाळ संपला. श्रद्धेचा प्रारंभ येथे पाण्याच्या भांड्यापाशी होतो. धर्मशास्त्राच्या कोणत्याही परिभाषेवाचून लिहिलेली ही पाने विश्वास, शास्त्र आणि अनुसरण या तिहींचे एकत्र दर्शन घडवितात.

येथे 'लीळाचरित्रा'तील महदाइसेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ती चक्रधरांची अनुयायी. आणि तिची ओळख मराठी वाचकाला आहे ती तिच्या प्रश्नांमुळे. तिच्या जिज्ञासेमुळेच अनेक वचने निघाली आणि टिकली. सुमारे साडेसहाशे वर्षांच्या अंतराने आणि सर्वस्वी भिन्न धर्मकल्पनांच्या परिसरात असलेल्या या दोन स्त्रियांची तुलना फार ताणणे बरे नव्हे. परंतु एवढे म्हणता येईल की, मराठीत अनुसरणाचे श्रेष्ठ गद्य गुरूच्या प्रवचनापेक्षा प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीच्या तोंडून अधिक सहजतेने आले. मागे जाण्यापूर्वी विचारणे, हा मराठीतील अनुसरणाचा स्वभावच दिसतो.

टिळकांच्या उत्तरायुष्याने या विचाराला आणखी एक वळण दिले. मिशनच्या चौकटीत धर्मांतर म्हणजे पगार, बंगला, शाळा आणि दवाखाना यांची एक स्थिर व्यवस्था झाली होती. घर सोडून निघालेला माणूस पुन्हा घरात बसला होता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासाची दीक्षा घेतली आणि 'देवाचा दरबार' या नावाने, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसमाज उभारण्याचा संकल्प केला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्यामुळे तो संकल्प रुजण्यास अवधी मिळाला नाही. तथापि त्याचा अर्थ स्पष्ट आहे. ख्रिस्ती होऊन बावीस वर्षे झाल्यावर टिळकांना 'अनुसरणे' या क्रियापदाचा जुना मराठी अर्थ पुन्हा हवासा वाटला. आणि याही वेळी घरची बाजू कळते ती लक्ष्मीबाईंच्याच लेखणीतून. त्यांच्या ख्रिस्तचरित्राचे अपुरे राहिलेले काव्य, 'ख्रिस्तायन', पुढे पुरे केले तेही लक्ष्मीबाईंनीच. मागे राहिलेल्या व्यक्तीने पुढे गेलेल्याचे काम शेवटास न्यावे, याहून अनुसरणाची निराळी व्याख्या कोणती करावी?

६

या विवेचनातून समीक्षेला काही निकष मिळतात. पहिला असा की, धार्मिक चिंतनाचा मराठीपणा त्यातील संतवाणीच्या छापावर अवलंबून नसतो. माउली आणि वैकुंठ हे शब्द घातल्याने जसे लेखन मराठी होत नाही, तसे ते टाळल्याने परकेही होत नाही. रमाबाईंची साधी वाक्ये आणि लक्ष्मीबाईंचे बोलके गद्य या दोहोंत संप्रदायाची परिभाषा थोडी आहे. तरी दोन्ही खास मराठी आहेत. दुसरा निकष असा की, लेखकाने आपल्या शब्दांतील व्यवहाराचा अर्थ जिवंत ठेवला आहे की नाही, हे पाहावे. तारणातील गहाण, विश्वासातील ठेव, करारातील बंधन आणि साक्षीतील जबाबदारी ज्याला ऐकू येते, त्याचे चिंतन खेड्यातील चावडीवरही उभे राहील. तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा : मागे राहिलेल्यांना त्या लेखनात जागा आहे काय? आई, बायको, गाव, भाऊबंद यांचा निरोप न घेता जे पुस्तक थेट स्वर्गाच्या वर्णनाला लागते, ते भक्तीचे असेल, पण सत्याचे असेलच असे नाही.

एक उणीव मात्र कोणत्याही निकषाने भरून निघत नाही. खेडोपाडीच्या ज्या सामान्य ख्रिस्ती माणसांनी अनुसरणाची सर्वांत मोठी किंमत दिली, त्यांचे स्वतःचे लेखन फार थोडे हाती लागते. त्यांनी गाइलेली भजने बहुधा दुसऱ्यांची. त्यांच्या साक्षी दिल्या गेल्या त्या तोंडी, आणि तोंडीच विरल्या. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'सारख्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांतून, मंडळ्यांच्या दप्तरांतून आणि घराघरांतील हाताने उतरून घेतलेल्या भजनांच्या वह्यांतून या आवाजाचा माग काढणे, हे विद्यापीठातील संशोधकांसमोरचे काम आहे. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर मेहकर, चिखली, बुलडाणा, वाशीम या पट्ट्यात अशा सामग्रीचा पद्धतशीर शोध घेणे अगत्याचे आहे. त्या वह्यांत वऱ्हाडी बोलीने शास्त्राच्या शब्दांवर काय संस्कार केले, 'विश्वास' आणि 'भाव' यांपैकी कोणता शब्द जिभेवर टिकला, हे पाहता येईल.

म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या त्या गुरू दृष्टीआड झाल्यावर, ज्यांनी पाहिले आणि ऐकले त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्याच शब्दांत. शुभवर्तमानेही अशाच आठवणींतून सिद्ध झाली. डोणगावच्या आसपासच्या मुलखाने मराठीला स्मरणाची ही रीत एकदा शिकविली आहे. जे अनुसरले आणि ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्यांच्या बाबतीत तीच रीत पुन्हा उपयोगात आणावी लागेल. आणि तीही लवकर, कारण आठवण सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.